सहाशे व्हॉइस, पण एका वेळी किती? अरेंजर कीबोर्ड घेण्यापूर्वी

मुंबईत धोबी तलावच्या दुकानात ६१ पट्ट्यांचे दोन कीबोर्ड शेजारी मांडले की नजर आधी खोक्यावरच्या आकड्यांवर जाते. सहाशे व्हॉइस, दोनशे स्टाइल. व्हॉइस म्हणजे वाद्यांचे आवाज. स्टाइल म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार स्वर) धरली की तिच्याबरोबर वाजणारी ताल, बेस आणि गिटारची तयार साथ. ही साथ असते म्हणून या वाद्याला अरेंजर म्हणतात. हे दोन्ही आकडे ऐकायला भारी वाटतात, पण खरेदीचा निर्णय त्यांच्यावर घेऊ नये. आधी पॉलीफोनी विचारा.

पॉलीफोनी म्हणजे आतली चिप एका वेळी जास्तीत जास्त किती स्वर वाजवू शकते ते. यामाहा पीएसआर-ई३७३ मध्ये हा आकडा ४८ आहे, ई४७३ मध्ये ६४ आणि कॉर्ग पीए७०० मध्ये १२८. बोटं दहाच, मग ४८ कमी कसे पडतील? पडतात, कारण यामाहाच्या स्टाइलमध्येच आठ भाग असतात: तालाचे दोन, एक बेस, कॉर्डचे दोन, एक पॅड (लांब धरलेले स्वर) आणि फ्रेजचे (छोट्या सुरावटींचे) दोन. त्यावर पियानो आणि स्ट्रिंग्ज एकत्र लावले की प्रत्येक पट्टी दोन स्वरांची जागा खाते. सस्टेन पेडल दाबलं की सोडलेले स्वरही चालूच राहतात. मर्यादा संपली की चिप नव्या स्वराला जागा करून देण्यासाठी सहसा जुना स्वर कापते, आणि भरलेलं गाणं मध्येच पोकळ वाटू लागतं.

दुकानात हे दोन मिनिटांत कळतं. सर्वात भरगच्च स्टाइल लावून तिचा सर्वात भरलेला प्रकार (मेन व्हेरिएशनपैकी शेवटचा) सुरू करा, पियानोवर स्ट्रिंग्जचा थर चढवा, पेडल दाबून ठेवा आणि खालच्या सा पासून वर एकेक स्वर सावकाश वाजवत जा. खालचे स्वर हळूहळू विरत जाण्याऐवजी तुटल्यासारखे गायब झाले, तर स्टेजवरही तेच होणार. दुकानात पेडल जोडलेलं असेलच असं नाही, म्हणून ते आधीच मागून घ्या.

पुढची परीक्षा बोटांच्या दाबाची. टच सेन्सिटिव्ह कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात. पट्टी दाबली की एक आधी जुळतो, दुसरा किंचित नंतर. मधला वेळ जितका कमी, तितका फटका जोरात असं यंत्र समजतं आणि त्याला १ ते १२७ पैकी एक आकडा देतं. चांगल्या व्हॉइसमध्ये या आकड्यानुसार आवाजाचा पोतही बदलतो. त्यामुळे एकच पट्टी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवून पाहा. नुसता आवाज वाढत असेल तर तो व्हॉइस साधा आहे. जुना कीबोर्ड घेत असाल तर सगळ्या ६१ पट्ट्या एकेक करून याच पद्धतीने तपासा, कारण मुंबईच्या दमट हवेत या संपर्कांवर मळ बसतो आणि मग एखादी पट्टी मुकी होते किंवा हलक्या स्पर्शालाही पूर्ण जोरात वाजते. साफ केल्यावर बहुतेक वेळा ती सुधारते, पण त्यासाठी वाद्य उघडावं लागतं, तेव्हा तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आता डावा हात. एका बोटाच्या सोप्या कॉर्ड यामाहा आणि कॅसिओ दोन्ही कंपन्या देतात, पण त्यांचे नियम वेगळे. यामाहावर मूळ स्वराबरोबर डावीकडची जवळची काळी पट्टी दाबली की मायनर (कोमल गंधाराची) कॉर्ड होते. कॅसिओवर त्यासाठी उजवीकडची कोणतीही एक पट्टी दाबावी लागते. एका कंपनीची सवय लागलेला हात दुसऱ्या कंपनीच्या वाद्यावर चुकतो, म्हणून सुरुवातीपासून पूर्ण कॉर्डच शिका. वरच्या दर्जाच्या मॉडेलमध्ये बेस ओळखण्याची सोयही पाहा. सी सिक्स्थ आणि ए मायनर सेव्हन्थ यांचे चारही स्वर तेच आहेत. कोणता स्वर सर्वात खाली आहे हे पाहिल्याशिवाय यंत्राला फरक कळत नाही.

मराठी गाण्यांसाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. कॉर्डमधला गंधार रागाशी भांडला तर फक्त सा आणि प धरा. अनेक मॉडेल ही जोडी ओळखून मेजरही नाही, मायनरही नाही अशी साथ देतात. दुकानात हे करून पाहाच, कारण अभंग आणि भावगीतांना हीच सोय वाचवते. दुसरी गोष्ट मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. ती पिच बेंडच्या चाकाने काढतात. पीएसआर-ई३७३ ला हे चाक नाही, ई४७३ ला आहे. चाक नसेल तर बासरी किंवा सनईचा व्हॉइस पायऱ्या चढल्यासारखा वाजतो.

पट्टीवाद्याचे स्वर ठरलेले असतात, ही तक्रार जुनीच आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. कीबोर्डचा गंधार सा पासून ४०० सेंटवर (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं) असतो, तर तानपुऱ्यातून उमटणारा सुमारे ३८६ वर. स्केल ट्यूनिंग (एकेक स्वर थोडा चढवण्या-उतरवण्याची सोय) असलेल्या कीबोर्डवर तो १४ सेंट उतरवता येतो. हा बदल फक्त उजव्या हाताला लागतो की स्टाइललाही, हे मात्र विक्रेत्याकडून वाजवून घ्या.

गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, बदलायला ट्रान्सपोज असतोच. काळी एक म्हणजे अधिक १, काळी चार म्हणजे अधिक ८ किंवा उणे ४. स्टाइलमध्ये केरवा आणि दादरा बहुतेक भारतीय मॉडेलांत मिळतात. सात मात्रांचा रूपक हवा असेल तर त्याचं नाव घेऊन शोधा. यामाहा पीएसआर-आय५०० आणि कॅसिओ सीटी-एक्स९०००आयएन ही भारतासाठी काढलेली मॉडेल इथे सोयीची पडतात.

गणपतीच्या मंडपात वाजवायचं असेल तर मागची बाजू पाहा. स्वतंत्र लाइन आउट (आवाज बाहेर नेणारं छिद्र) नसलेल्या कीबोर्डची तार हेडफोनच्या छिद्रातून मिक्सरला जाते आणि वाद्याचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. मग वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू येण्यासाठी वेगळा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, लागतो.