केंब्रिजला दोन रात्री का? इंग्लंड सहलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या इंग्लंड सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. "लंडनहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं की, मग मुक्काम कशाला?" येता येतं, हे खरं आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनावरून जलद गाडी तासाभराच्या आत पोचवते. पण दिवसा तिथे गर्दी असते ती पाहुण्यांचीच. संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या की केंब्रिज आपल्या रोजच्या जगण्याला लागतं. चॅपेलमध्ये प्रार्थनेचे सूर लागतात, काळे गाऊन घातलेली मुलं कॉलेजच्या भोजनगृहाकडे निघतात, नदीवरची वर्दळ ओसरते. हे सगळं बघता यावं म्हणून आम्ही मुक्काम ठेवला आहे आणि त्यापायी लंडनमधला एक दिवस कमी केला आहे.

विद्यापीठ नेमकं कुठे आहे?

एका फाटकाआड, एका आवारात असं ते नाहीच. 1209 साली ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी बिनसल्यावर तिथले काही विद्वान इकडे आले, तेव्हापासून गाव आणि विद्यापीठ एकमेकांत मिसळूनच वाढले. आज 31 कॉलेजं आहेत. सगळ्यात जुनं पीटरहाउस, 1284 सालचं. जुन्या कॉलेजांत प्रत्येकाचं वेगळं महाद्वार, चौक, चॅपेल आणि भोजनगृह आहे आणि मुलं तिथेच राहतात. तेव्हा आत आवाज कमी ठेवा, जिन्यांवर चढू नका आणि चौकातल्या हिरवळीवर पाय ठेवू नका. त्या गवतावरून चालण्याचा मान सहसा कॉलेजच्या फेलोंनाच, म्हणजे निवडलेल्या वरिष्ठ विद्वान सदस्यांनाच असतो, आणि तो नियम अजून मनापासून पाळला जातो.

किंग्ज कॉलेजचं चॅपेल

वेळ फारच कमी असेल आणि एकच वास्तू बघायची असेल तर ही बघा. सहाव्या हेन्रीने 1446 साली काम सुरू केलं. मध्ये राजघराण्यांची युद्धं झाली, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि दगडी बांधकाम 1515 मध्ये पुरं झालं. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. पंखे उलगडून ठेवावेत तसं ते दगडी छत, आणि या घडणीचं जगातलं सर्वांत मोठं. खिडक्यांच्या रंगीत काचा बहुतेक सोळाव्या शतकातल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यातल्या बऱ्याचशा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या, म्हणून आज आपल्याला दिसतात.

मधोमध काळसर ओक लाकडाचा मोठा पडदा आहे. त्याच्या खालून लोक घाईने पुढे जातात. तिथे मिनिटभर थांबा आणि कोरीवकामात एच आणि ए ही अक्षरं शोधा. आठवा हेन्री आणि ॲन बोलिन. 1533 मध्ये तिच्याशी लग्न केलं आणि 1536 मध्ये याच राजाने तिचा शिरच्छेद करवला. अक्षरं मात्र राहून गेली.

टर्म चालू असताना आठवड्यातले बहुतेक दिवस इथे संध्याकाळी इव्हनसाँग, म्हणजे गायनासह सांजप्रार्थना असते. प्रवेश मोफत, कोणत्याही धर्माच्या माणसाला. इतर उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा, टाळ्या वाजवू नका, फोन बंद ठेवा. लहान मुलांचे उंच स्वर त्या छताखाली विरत जातात तेव्हा दिवसभराची पायपीट विसरायला होते. मुक्कामाचा आग्रह आम्ही धरतो तो मुख्यतः यासाठी.

आपली माणसं

सेनेट हाउस ही पांढऱ्या दगडाची इमारत किंग्जच्या शेजारीच आहे. गणिताच्या ट्रायपॉस, म्हणजे पदवीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. 1909 पर्यंत हा निकाल इथेच क्रमवार जाहीर होई. 1899 साली त्यात पहिलं नाव होतं दापोलीजवळच्या मुर्डी गावातून आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं (एका इंग्रज विद्यार्थ्यासोबत विभागून). हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं कॉलेज सेंट जॉन्स. पुढे पुण्यात फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून त्यांनी कित्येक पिढ्या घडवल्या. याच निकालात तळाला राहणाऱ्याला पदवी घेताना त्याचे मित्र सज्ज्यावरून मोठा लाकडी चमचा खाली सोडून द्यायचे!

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर 1957 साली फिट्झविल्यम हाउसला (आजचं फिट्झविल्यम कॉलेज) आले, क्रम तेव्हा जाहीर होत नसला तरी तेही सीनियर रँग्लर झाले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करून किंग्जचे फेलो झाले. ट्रिनिटी कॉलेजच्या रेन ग्रंथालयात न्यूटनची 'प्रिन्सिपिया'ची स्वतःची प्रत आहे, त्यात त्याच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. रामानुजन यांची 'हरवलेली वही' 1976 मध्ये याच ग्रंथालयात सापडली. पाहुण्यांसाठी तिथली वेळ थोडी असते, म्हणून त्या दिवशी बाकी कार्यक्रम पुढेमागे होईल.

कॅम नदी आणि पंट

पंट म्हणजे सपाट बुडाची उथळ होडी. ती वल्ह्याने नाही, लांब काठीने चालवतात. कॉलेजांच्या मागच्या बागांना बॅक्स म्हणतात आणि नदी त्यांना लागूनच वाहते. वाटेत सेंट जॉन्सचा 1831 सालचा 'निःश्वासांचा पूल' येतो आणि क्वीन्सचा लाकडी 'गणिती पूल' येतो. हा पूल न्यूटनने खिळ्यांशिवाय बांधला असं नावाडी सांगतात. ते खरं नव्हे, पूल 1749 सालचा आणि न्यूटन 1727 मध्येच वारला.

नावाडी आम्ही देतोच. पण ज्यांना स्वतः चालवायची आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. होडीच्या मागच्या सपाट फळीवर उभं राहायचं. काठी होडीला लगटून सरळ खाली सोडायची, तळाला टेकली की रेटायची आणि वर घेण्याआधी थोडी पिळायची, म्हणजे चिखलातून सुटते. तरीही रुतून बसली तर काठी सोडून द्या. धरून ठेवाल तर होडी पुढे जाईल आणि तुम्ही पाण्यात. होडीत एक छोटं वल्हं असतं, त्याने मागे येऊन काठी घेता येते.

खाणंपिणं

फिट्झबिलीज ही शंभर वर्षांहून जुनी बेकरी चेल्सी बनसाठी प्रसिद्ध आहे. मनुका घालून गुंडाळलेला, पाकात निथळणारा गरम बन. एकाला एक जड जातो, दोघांत घ्या. अंडं चालत नसेल तर आधी विचारा. ईगल या जुन्या पबमध्ये डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक याने 1953 साली जेवायला बसलेल्यांना सांगितलं की जीवनाचं रहस्य उलगडलं. त्याच पबच्या एका खोलीच्या छतावर महायुद्धातल्या वैमानिकांनी लायटर आणि मेणबत्तीच्या काजळीने लिहिलेली नावं अजून आहेत. मद्य घेत नसाल तरी आत जा, लिंबूपाणी मागितलं तर कोणी वावगं समजत नाही.

शाकाहारी मंडळींनी एवढं जपावं. भाजीच्या सुपात कोंबडीचा अर्क असू शकतो, बटाट्याचे चिप्स मासे तळलेल्या तेलात किंवा गोमांसाच्या चरबीत तळलेले असू शकतात आणि जेलीत जिलेटिन असतं. 'व्हीगन आहे का?' असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं. रामानुजन तर ट्रिनिटीतल्या आपल्या खोलीत स्वतः रांधून खात. आता तेवढी वेळ येत नाही. मिल रोडवर भारतीय उपखंडाची किराणा दुकानं आणि उपाहारगृहं आहेत, दुसऱ्या दिवशीचं जेवण तिकडेच ठेवलं आहे.

जून की ऑक्टोबर?

आमच्या दोन तुकड्या जातात. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि परंपरांचा हंगाम असतो. 'मे वीक' नावाचा उत्सव जूनमध्येच येतो. त्याच सुमारास 'बम्प्स' नावाच्या नौकाशर्यती होतात. नदी अरुंद, शेजारी शेजारी होड्या मावत नाहीत, म्हणून त्या एकामागे एक सुटतात आणि पुढच्या होडीला जाऊन टेकायचं असतं. महिनाअखेरीस पदवीदान. चार-चार विद्यार्थी आपल्या कॉलेजच्या प्रतिनिधीच्या उजव्या हाताचं एकेक बोट धरून पुढे जातात, मग एकेक जण कुलगुरूंसमोर गुडघे टेकतो. आत पाहुण्यांना प्रवेश नसतो, पण गाऊन घातलेल्या मिरवणुका रस्त्यावरूनच जातात. मात्र एप्रिलच्या मध्यापासून परीक्षा संपेपर्यंत बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात.

ऑक्टोबरमध्ये दिवस लहान आणि थंडी असते, पण टर्म नुकतीच सुरू झालेली असते, कॉलेजं उघडी असतात आणि गर्दी कमी. ज्येष्ठांना आम्ही ऑक्टोबरच सुचवतो.

ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्याला 123 अरुंद पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर तेवढा वेळ फिट्झविल्यम संग्रहालयात घालवा, तिथे तिकीट नाही. मळखाऊ रंगाचे चांगले बूट आणि पावसाचं जाकीट दोन्ही हंगामांत लागतं. रस्ता ओलांडताना सायकलींकडे लक्ष ठेवा, त्या येतात तेव्हा आवाज होत नाही. जेवणाची पथ्यं, औषधं आणि चालण्याची अडचण नोंदणीच्या वेळीच कळवा, म्हणजे हॉटेल आणि चॅपेलच्या जागा त्याप्रमाणे घेता येतील.