अलास्कातली स्कॉलरशिप आणि कुलूप नसलेला डबा

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेल्या पोराला राज्यातच कॉलेज केलं तर वर्षाला ७००० डॉलरपर्यंत स्कॉलरशिप मिळू शकते, २०२४ च्या कायद्याने वाढवली ती, आधी कमाल ४७५५ होती. ऐकायला मस्त आहे, पण तिकडची माणसं यावर लगेच पेढे का वाटत नाहीत ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

अलास्कातल्या फेअरबँक्स गावाजवळ १९१५ ला कॉलेजची (पुढे तेच अलास्का विद्यापीठ झालं) कोनशिला बसली तेव्हा कॉलेजचा कायदासुद्धा झाला नव्हता, तो झाला १९१७ ला, आणि १९२२ ला वर्ग सुरू झाले तेव्हा विद्यार्थी किती, तर ६! राज्याचा दर्जा १९५९ चा. कित्येक गावांना रस्ताच नाही, विमानाने जा नाहीतर बोटीने, म्हणजे फी राहिली बाजूला, पोराला कॉलेजपर्यंत पोचवायचाच खर्च केवढा. मेडिकल कॉलेज तर राज्याचं स्वतःचं आजही नाही, १९७१ पासून वॉशिंग्टन विद्यापीठाबरोबर वाटून घेतलेल्या जागांवर काम चालतं.

मग १९६८ ला प्रुडो बे ला तेल सापडलं आणि १९७७ ला पाइपलाइन सुरू झाल्यावर तिजोरी अशी भरली की १९८० ला राज्याने इन्कम टॅक्सच काढून टाकला. त्याच दिवसांत राज्य स्वतः स्टुडंट लोन देत होतं आणि अट काय, तर शिकून परत ये, इथेच रहा, निम्म्यापर्यंत कर्ज माफ. कर्जमाफी म्हटलं की आपल्याला शेतकरी आठवतो, इथे ती पोरं परत आणायचं आमिष होती. १९८६ ला तेलाचे भाव कोसळले आणि १९८७ पासूनच्या नव्या कर्जांना ती माफी बंद. वसुली मात्र कडक, कर्ज थकवलं तर दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला तेलाच्या पैशातून जो डिव्हिडंड मिळतो (पहिला १९८२ ला, १००० डॉलर) तोच राज्य कापून घेऊ शकतं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं!

मूळनिवासी पोरांची वाट थोडी वेगळी. १९७१ ला सरकारने मूळनिवासींच्या जमिनीच्या हक्कांवर जो समझोता केला त्यातून ज्या कंपन्या उभ्या राहिल्या त्यातल्या बऱ्याच जणींनी पुढे आपापल्या लोकांसाठी शिक्षणाचे फंड काढले.

२०१० ला मार्कांवरच्या स्कॉलरशिपचा कायदा आला, २०११ च्या बॅचपासून लागू, आणि २०१२ ला तिच्यासाठी ४० कोटी डॉलर वेगळे काढले, गरजू पोरांची ग्रँटही त्यातूनच. वेगळे म्हणजे कागदावर हां. अलास्काच्या घटनेत कराचा पैसा एखाद्या कामासाठी कायमचा राखून ठेवायला बंदी आहे, त्यामुळे आमदार डबा बनवू शकतात पण कुलूप लावू शकत नाहीत. त्यात १९९० ची घटनादुरुस्ती, राज्याने आपल्या राखीव गंगाजळीतून पैसे उचलले असतील तर दरवर्षी ३० जूनला सरकारी खात्यात उरलेले पैसे झाडून तिकडे परत भरायचे, आणि हे झाडणं उलटवायचं तर दोन्ही सभागृहांत तीन चतुर्थांश मतं लागतात. आधी बरीच वर्षं ती मतं रीतसर मिळायची म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं.

२०१९ ला ही मतं वेळेवर मिळाली नाहीत आणि ऐन जुलैमधे पोरांना कळवलं गेलं की स्कॉलरशिपला पैसे नाहीत, कॉलेज सुरू व्हायला महिना दीड महिना असताना! मागाहून भांडून ते परत आणले. त्याच उन्हाळ्यात गव्हर्नर डनलेवींनी विद्यापीठाच्या बजेटवर १३ कोटी डॉलरची कात्री चालवली होती, शेवटी ३ वर्षांत ७ कोटीवर तडजोड झाली, पण बाहेरच्या कॉलेजात जावं की काय हा विचार पोरांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच असणार. २०२१ ला पुन्हा मतं कमी पडली आणि अख्खा फंड झाडला गेला. २०२२ च्या जानेवारीत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कोर्टात केस टाकली, खालच्या कोर्टात हरले, पण त्याच वर्षी आमदारांनी फंड परत भरला आणि कायदा बदलून सरकारी खात्याच्या बाहेर ठेवला.

म्हणजे ३० जूनचा झाडू आता तिथवर पोचत नाही. घटनेतली बंदी मात्र तशीच आहे, त्यामुळे साध्या बहुमताने पुढचे आमदार तो फंड दुसरीकडे वळवू शकतात, आणि तेलाचा भाव पडला की तो आठवतो सगळ्यांनाच.