बोगी बदलली म्हणजे नेमकं काय बदललं?

जुन्या बाजारात खेळण्यातल्या आगगाडीचा पत्र्याचा प्रवासी डबा निघाला की विकणारा हमखास सांगतो, "बोगी ओरिजिनल आहे." घेणारा मान डोलावतो. पण एकाच्या मनात अख्खा डबा असतो आणि दुसऱ्याच्या मनात फक्त चाकं.

हा घोळ भाषेतला आहे. मराठीत बोगी म्हणजे डबा. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि खेळण्यांच्या जुन्या कॅटलॉगांत मात्र बोगी म्हणजे डब्याखालची वळणारी चाकांची चौकट. अशा दोन चौकटींवर बसलेला लांब डबा तो 'बोगी कॅरेज'. त्यातलं 'कॅरेज' आपण गाळलं आणि खालच्या भागाचं नाव वरच्याला चिकटलं. एरवी यात बिघडत काहीच नाही. पण डबा नेमका कुठल्या काळातला, याचा पुरावा बराचसा खालीच सापडतो. त्यामुळे 'बोगी बदललेली आहे' हे वाक्य सौद्यात भलतंच महाग पडू शकतं.

जर्मनीत मार्कलिन या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने 1891 साली रुळांची मापं ठरवून क्रमांक दिले, तिथून संचात डबे वाढवत नेण्याची सोय झाली. हॉर्नबी नावाची खेळण्यातली गाडी 1920 ची. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची ती गाडी सुरुवातीला नट-बोल्टांनी जोडलेली, म्हणजे पोरांनी खोलावी आणि पुन्हा जोडावी म्हणूनच केलेली होती! अशा मालात 'कारखान्यातून निघाला तस्साच' डबा शोधणं थोडं हट्टाचंच. 1923 मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या आणि खेळण्यांवरचे रंग आणि अक्षरंही बदलली.

अमेरिकेच्या लायोनेल कंपनीचे खेळण्यातले डबे ओळखताना रंगाइतकंच कपलिंगकडे, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या भागाकडे, बघतात. आधी साधा हूक, पुढे खटक्याची कपलिंग, मग पेटीसारखी. पितळी-तांब्याच्या पट्ट्या आणि दांडे 1930 च्या दशकाच्या मध्यापासून निकेलचे झाले. दोन्ही काळांच्या खुणा एकाच डब्यावर दिसल्या तर? कारखान्याने उरलेले सुटे भाग संपवले असतील, किंवा नंतर कुणीतरी दोन डब्यांचा एक केला असेल. संग्राहकांचं खरं भांडण इथलं आहे. माझ्या मते कारखान्यात झालेला बदल तेवढाच उपप्रकार, म्हणजे त्याच डब्याची वेगळी मोजावी अशी आवृत्ती. उन्हाने विटलेला रंग हा उपप्रकार नव्हे, मग फोटोत तो कितीही दुर्मीळ दिसो. हल्लीच्या ऑनलाइन लिलावांत तर असे 'दुर्मीळ' रंग जरा जास्तच निघतात.

चाकांची गोष्ट वेगळी. जस्ताच्या मिश्रधातूची जुनी ओतीव चाकं धातूतल्या अशुद्धीमुळे फुगतात, तडकतात, शेवटी त्यांचा भुगा होतो. ती बदलणं ही लबाडी नाही, मात्र सांगायला हवं.

खरी डेक्कन क्वीनसुद्धा या कसोटीवर अडचणीतच येईल. 1930 च्या तिच्या पहिल्या डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनले, वरचे डबे माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये. एक रेक, म्हणजे डब्यांचा संच, रुपेरी, दुसरा निळा. रंगावरून काळ ठरवणाऱ्याने यातला 'आधीचा' कुठला म्हणावा?

डबा हाती आला की उलटा करावा. छत आणि तळ पत्र्याच्या जिभा वाकवून बसवलेले असतात. जीभ एकदाच वाकली असेल तर घडीवरचा रंग बऱ्यापैकी टिकलेला असतो. उघडून पुन्हा वाकवली असेल तर तिथे रंग उडून पत्रा चकाकतो, कधी बारीक चीरही दिसते.