भरतपूर किनारा, शहीद द्वीप : मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन जाण्याआधी वाचा

आमच्या अंदमान सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत सगळीकडे वेळा छापलेल्या असतात. भरतपूर किनाऱ्यापुढे मात्र ‘भरती पाहून’ एवढंच लिहिलेलं असतं. “म्हणजे नक्की किती वाजता?” असं विचारणारे फोन बरेच येतात, म्हणून हे पत्रक.

आधी नावांचा घोळ मिटवू. शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचं नील बेट. ३० डिसेंबर २०१८ रोजी त्याचं नाव बदललं आणि त्याच दिवशी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. २०२४ मध्ये अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम झाली. बोलण्यात, पाट्यांवर आणि तिकिटांवर जुनी-नवी नावं दोन्ही सापडतात. रिक्षावाल्याला ‘नील’ म्हणालात तरी चालतं.

बेट अगदी लहान. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथे वसवली गेली. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी. शेती चांगली होते आणि इथली भाजी राजधानीच्या बाजारात जाते. भरतपूर किनारा बोटीच्या धक्क्यापासून जवळच आहे, त्यामुळे वयस्कर मंडळींची दगदग होत नाही. धक्का स्वतः मात्र लांबलचक आहे, सामान आटोपशीर ठेवा.

पाणी शांत का असतं?

किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली प्रवाळाची रांग आहे. समुद्राच्या लाटेचा जोर तिच्यावर मोडतो आणि आत येतं ते उथळ, संथ पाणी. गणपतीपुळ्याला मुलाचा हात घट्ट धरून उभं राहण्याची सवय असलेल्या आई-वडिलांना इथे पहिल्यांदा जरा हायसं वाटतं. तरी मुलांवरची नजर हटवू नका. लाट नसली तरी जेट स्की आणि बोटी असतात. त्यांचा येण्या-जाण्याचा पट्टा आमचा माणूस दाखवेल, तिकडे मुलांना सोडू नका.

हाच उथळपणा ओहोटीला आडवा येतो. पाणी दूर सरकतं, टोकदार प्रवाळ उघडे पडतात, पोहण्यासारखं काही उरत नाही आणि पाय मात्र कापतात. तळाला काच असलेल्या बोटींचंही तेव्हा अवघड होतं. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास आम्ही भरतपूरला देतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. सोमवारी दहाला असलेली भरती शुक्रवारी दुपारी एकच्या पुढे गेलेली असते, मग छापील वेळ द्यायची कशी? (कोकणातल्या ग्राहकांसाठी : तिथीला पाऊणपट करून भरती काढायचा आपला हिशेब तिथे लावू नका. तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे.)

लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक दगडी कमानीचं नेमकं उलट. तिथे ओहोटीलाच जाता येतं. त्यामुळे एका दिवसात पाणी चढलेलं असताना भरतपूर आणि उतरल्यावर कमान, असं गणित बसवतो. कमानीकडची वाट खडकाळ आणि निसरडी आहे. गुडघे दुखत असतील तर ती सोडा आणि किनाऱ्यावर डाब पीत बसा, काही बिघडत नाही.

सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याची सहल स्वस्त पडते हे खरं. पण बोटीच्या वेळा भरती बघून ठरत नाहीत. हातातले चार-पाच तास नेमके ओहोटीत गेले तर मुलं हिरमुसतात. लहान मुलं बरोबर असतील तर एक रात्र मुक्काम करा, असंच आम्ही सांगतो.

ऊन आणि घड्याळ

तिथेही घड्याळ आपलंच चालतं, पण बेट मुंबईच्या बरंच पूर्वेला असल्याने सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. भर मध्यान्ह साडेअकराच्या आतच येते, त्यामुळे ‘बारानंतर सावलीत जाऊ’ म्हणालात तर तोवर पाठ भाजलेली असते. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला. क्रीम पाण्यात फार टिकत नाही. पायात पट्ट्याचे रबरी सँडल हवेतच, साधी चप्पल पाण्यात निसटते. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज काही दिवस जात नाही. अंधार पडू लागला की वाळूत लोळणाऱ्या मुलांना उठवा.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. कुठे मगरीचा फलक दिसला किंवा जीवरक्षकाने पाण्यातून बाहेर यायला सांगितलं, तर हुज्जत घालू नका. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नका.

शिंपले आणि प्रवाळ

मुलं खिसे भरतात, ते रिकामे करून घ्या. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलायला परवानगी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासताना असे तुकडे काढून घेतले जातात. दुकानातून शंख-शिंपल्याची वस्तू घेतलीत तर पावती जपून ठेवा. पाण्यातही प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड दिसला तरी जिवंत असतो.

बुकिंगपूर्वी

भारतीय नागरिकांना या बेटासाठी वेगळा परवाना लागत नाही, पण बोटीसाठी मुलांसकट सगळ्यांची मूळ ओळखपत्रं लागतात. रोख रक्कम राजधानीतूनच घेऊन निघा. बेटावर एटीएमच्या आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि निघण्यापूर्वीच घ्या. कांदा-लसूण चालत नसेल तर आम्हाला आठवडाभर आधी कळवा, ऐनवेळी तिथल्या लहान खानावळींची पंचाईत होते.

जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पाऊस सुरू होतो आणि हवामान बिघडलं की बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री आम्ही कोणालाही शहीद द्वीपवर ठेवत नाही. बुकिंग करताना मुलांची वयं आणि कोणाला चालण्याचा त्रास आहे का, एवढं सांगा. भरतीच्या वेळा पाहून दिवस ठरवू आणि त्या दिवसाची नेमकी वेळ निघण्यापूर्वी तुम्हाला लेखी देऊ.