विजेची गाडी वर्गात आली कशी?

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मेकॅनिकलची इमारत वेगळी, इलेक्ट्रिकलची वेगळी. पेट्रोलच्या गाडीला हे चालून गेलं. विजेच्या गाडीत मात्र मोटर, बॅटरी, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर आणि चासी म्हणजे गाडीचा सांगाडा यांचा विचार एकत्रच करावा लागतो, आणि तो शिकवणारी जागा कित्येक वर्षं नव्हतीच.

2001 साली बंगळुरूहून 'रेवा' ही विजेवरची छोटी कार रस्त्यावर आली, तेव्हा या विषयाची स्वतंत्र पदवी नव्हती. वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांनी मिळून 1966 मध्ये पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था उभी केली होती (टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर आजही 'एआरएआय टेकडी' म्हणतात). पण गाड्या तपासणं, प्रमाणपत्र देणं हे तिचं मुख्य काम.

माझ्या मते खरी सुरुवात वर्कशॉपमधून झाली. 'बाहा' ही विद्यार्थ्यांची गाडी बनवण्याची स्पर्धा 2007 पासून होत होती. 2015 मध्ये तिच्यात विजेवरची 'ई-बाहा' आली. त्याच वर्षी विजेच्या गाड्यांसाठी केंद्राची 'फेम' अनुदान योजनाही सुरू झाली. अशा गाडीच्या बॅटरी पॅकमध्ये लिथियमचे 14 सेल एकामागे एक जोडले की साधारण 50 व्होल्ट होतात. पाना निसटून दोन टोकांना टेकला तर ठिणगी उडून धातू वितळतो. म्हणून बोटातली अंगठी आधी काढायची, मग पॅकला हात लावायचा. हे मुलं तिथे शिकली, आणि गाडी तपासायला कंपन्यांचे इंजिनिअर समोर उभे असायचे.

मद्रास आयआयटीच्या इंजिनिअरिंग डिझाइन विभागातून बाहेर पडलेल्या दोघांनी 2013 मध्ये 'एथर' ही इलेक्ट्रिक स्कूटरची कंपनी काढली. त्याच संस्थेने 2022 मध्ये इलेक्ट्रिक वाहनांची स्वतंत्र दुहेरी पदवी (बी.टेक. आणि एम.टेक. एकत्र) सुरू केली, अनेक विभागांना एकत्र घेऊन. म्हणजे आधी कंपनी, नंतर अभ्यासक्रम.

दरम्यान जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि बजाजची इलेक्ट्रिक चेतक बाजारात आल्या. दोन्ही पुणे परिसरात बनलेल्या. मग 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटरींना आगी लागल्या. सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि 'एआयएस-156' हा बॅटरी सुरक्षेचा नियम कडक झाला. एक सेल तापून पेटला तर शेजारचा कसा वाचवायचा, हा प्रश्न प्रत्येक कंपनीच्या दारात आला. त्याचं उत्तर देणारा इंजिनिअर एका शाखेतून तयार होत नाही. उद्योगांनी कॉलेजांचे दरवाजे ठोठावले ते या गरजेपोटी.