कान मिटता येत नाहीत

न्हाणीघरातलं आरशाचं कपाट. पात्र ते उघडतं, आतली गोळ्यांची बाटली काढतं आणि दार लावू लागतं. आता आरशात मागे कुणीतरी उभं दिसणार, हे चार भयपट पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आपण सावरून बसतो. दार लागतं, चेहरा दिसतो, ‘धाड्’ असा आवाज होतो आणि ठाऊक असूनही आपण उडतोच.

दचकण्याचा निर्णय जिथे होतो तिथे आपल्या शहाणपणाला कुणी फारसं विचारत नाही. अचानक आलेला मोठा आवाज कानातून मेंदूच्या देठात पोहोचतो आणि तिथूनच परस्पर स्नायूंना हुकूम सुटतो. साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत पापण्या मिटतात; पाठोपाठ मान पुढे झुकते, खांदे वर येतात, कोपरं दुमडतात. आवाज कसला होता हे उमगेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. लँडिस आणि हंट या मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाचा बार उडवून माणसं कशी दचकतात याचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि 1939 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पिस्तूल चालवण्यात मुरलेल्या पोलिसांच्याही पापण्या मिटल्याच.

मग धडाधड आवाज केले की झाला भयपट? पुष्कळ दिग्दर्शकांचा तसा समज दिसतो खरा. पण तोच धक्का पुन्हा पुन्हा बसला की शरीर त्याला सरावतं आणि चौथ्या वेळी थिएटरात हशा पिकतो. धक्का जोरदार हवा असेल तर त्याच्या आधीची धास्ती वाढवावी लागते. विजेचा झटका बसणार याची खूण शिकलेले उंदीर, ती खूण समोर असताना आवाज झाला तर एरवीपेक्षा जास्त उसळतात, असं 1951 मधल्या एका प्रयोगात दिसलं होतं. धोक्याची चाहूल घेणारा अमिग्डाला हा मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग देठातल्या यंत्रणेला आधीच चावी देऊन ठेवतो. लांबलचक बोळ, संथ सरकणारा कॅमेरा, विरत गेलेलं संगीत, हा सगळा चावी देण्याचाच उद्योग.

‘कॅट पीपल’ या 1942 च्या चित्रपटात याचा नमुना आहे. रात्री एक बाई एकटी चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांची टकटक. मग ती टकटक थांबते. संगीत नाही, फक्त घाबरलेली पावलं. आता झडप पडणार असं वाटतं तोच फिस्कारल्यासारखा आवाज होतो आणि चौकटीत बस शिरते. ब्रेकमधून हवा सुटल्याचा तो आवाज! निर्माता व्हॅल ल्यूटनची मंडळी त्यानंतर असल्या युक्तीला ‘बस’च म्हणू लागली. माझ्या मते आजही यापेक्षा चांगली ‘बस’ क्वचितच येते, कारण हल्ली टकटक थांबवून वाट पाहण्याएवढा धीर कुणाकडे नसतो.

आवाजाचा पोतही महत्त्वाचा. प्राणी जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा स्वरयंत्रावर पेलवणार नाही इतका ताण येतो. आवाज फाटतो, चिरकतो, मध्येच पट्टी बदलतो. खारीच्या कुळातल्या मार्मोटचा अभ्यास करणारे जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लमस्टीन यांनी 2010 मध्ये सहकाऱ्यांसह शंभरेक चित्रपटांचे ध्वनिपट तपासले, तेव्हा भयपटांत अशा फाटलेल्या किंकाळ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. संगीतकारांना हे प्रयोगशाळेविना कळलेलं होतं. ‘सायको’ या चित्रपटातल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको असं दिग्दर्शक हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही नुसत्या तंतुवाद्यांवर ते कर्कश सूर बांधले, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. व्हायोलिनं तिथे वाजत नाहीत, किंचाळतात.

भीती वाटली की आपण डोळ्यांवर हात घेतो आणि कान उघडेच राहतात, हे ध्वनिसंयोजकाच्या पथ्यावरच पडतं. घरी पाहत असाल तर एकदा रिमोटने आवाज बंद करा. कपाटाचं दार लागतं, आणि आरशात पांढरा रंग फासलेला एक नट निमूटपणे उभा असतो.