दोन हल, एकच माणूस

‘कॅटामरान’ हा शब्द तमिळमधल्या ‘कट्टुमरम्’वरून आला, अर्थ, बांधलेली लाकडं. गंमत म्हणजे कट्टुमरम् हा ओंडक्यांचा तराफा. दोन अरुंद हल (नौकेचं पाण्यात तरंगणारं धड) आणि मधे मोकळी जागा ही रचना पॉलिनेशियाच्या बेटांवरची. नाव एका समुद्रातलं, नौका दुसऱ्या.

पाश्चात्त्य शर्यतींत तिने पहिली खळबळ उडवली ती 1876 साली. न्यूयॉर्कच्या शर्यतीत नौका-रचनाकार नॅथॅनिएल हेरेशॉफ यांच्या ‘अ‍ॅमरिलिस’ने एकेरी हलच्या नौकांना मागे टाकलं. हरलेल्यांनी तक्रार केली, ती मान्य झाली, आणि अशा नौका पुढे बराच काळ मुख्य शर्यतींबाहेर राहिल्या.

या वेगाचं मूळ वजनात आहे. कीलच्या, म्हणजे तळाखाली उभा पंख असलेल्या, नौकेला तळाशी जड शिसं सावरतं. कॅटामरानला सावरते फक्त रुंदी आणि वाऱ्याकडे बसलेल्या माणसाचं वजन. वाऱ्याकडचा हल पाण्यातून नुकता सुटतो तेव्हा सावरण्याची ही ताकद सर्वांत जास्त असते. तो आणखी वर गेला की ती घटतच जाते, आणि पालथी पडलेली कॅटामरान उलटीही तितकीच स्थिर राहते. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. एकट्या माणसाचं वजन मात्र तेवढंच.

1967 साली आखलेल्या ‘टॉर्नेडो’ या कॅटामरानने हा प्रश्न दोन माणसांवर सोपवला, ती 1976 ते 2008 ऑलिम्पिकमध्ये होती. एकट्यासाठी वेगळी वाट निघाली. ‘ए-क्लास’मध्ये 5.49 मीटर लांबीची, किमान 75 किलोंची नौका ठरली. होबी आल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्याने 1960च्या दशकाच्या शेवटी ‘होबी 14’ आणली. वाळूवरून ढकलता यावी म्हणून खाली सेंटरबोर्ड (पाण्यात उतरणारी उभी फळी) नाही, शीडही एकच.

या सोयीची किंमत जोराच्या वाऱ्यात कळते. पुढचं शीड नसल्याने टॅक घेताना, म्हणजे समोरच्या वाऱ्यातून पलीकडे वळताना, तोंड वाऱ्यातच अडकतं, नौका मागे सरकू लागते आणि सुकाणू उलट्या दिशेने धरावं लागतं. खरी परीक्षा मात्र वाऱ्याविरुद्ध जाताजाता वाऱ्याबरोबर वळण्याची. त्या मधल्या टप्प्यात जोर शिगेला पोचतो, वाऱ्याआडच्या हलची नाळ (पुढचं टोक) पाण्यात घुसते आणि मागची बाजू डोक्यावरून जाते. म्हणून अनुभवी माणूस आधीच मागे सरकून बसतो, आणि शिडाचा दोर वेगातही हातातच ठेवतो, क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवत नाही.

उलटल्यावर पहिलं काम नौकेला धरून राहण्याचं, कारण वारा तिला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने नेतो. डोलकाठीच्या टोकाला तरंगता गोळा लावण्याची पद्धत आली ती नौका पुरती पालथी होऊ नये म्हणून. पण आडवी नौका उभी करायलाही वजन लागतं. ‘होबी 14’ची मोठी बहीण ‘होबी 16’ सुमारे 145 किलोंची. तिथे एकटा माणूस बहुधा कमी पडतो. मग पाण्याने भरायची पिशवी कामी येते. शीड सैल करायचं, डोलकाठी वाऱ्याकडे येऊ द्यायची, पिशवी दोराला टांगून मागे झुकायचं आणि वारा शिडाखाली शिरायची वाट पाहायची.